बोलकी प्यादी

मागल्या वर्षी श्रावणात आमचा धाकटा नोकरीसाठी बंगळूरला गेला. जाण्यावरून आम्हा दोघांचे थोडे वाजले होते. ‘जायचेच असेल तर जा,’ एवढे मी म्हणालो आणि तो गेला. मागे त्याचा जुना संगणक राहिला, आणि संगणकात एक खेळ.

‘ड्रॅगन्स डॉग्मा’ हे त्याचे नाव. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो २०१२ साली काढला. संगणकावर यायला २०१६ उजाडले. एका कोळीवाड्यावर ड्रॅगन उतरतो, नायकाचे काळीज उपटून गिळतो आणि उडून जातो. नायक मात्र जिवंत राहून ते परत आणायला निघतो. आजीच्या गोष्टीत राक्षसाचा प्राण पोपटात असे. इथे माणसाचे काळीज राक्षसाच्या पोटात!

खेळात उणिवा म्हणाल तर रगड. डाव जपून ठेवायला जागा एकच. झटकन पोचवणारा दगड आहे, पण तो ठरावीक स्फटिकांपाशीच नेतो; बाकी सारी पायपीट. त्याच वळणावर तेच लुटारू. रात्र मात्र अशी काळीकुट्ट, की कंदिलातले तेल संपत आले म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या पोटात गोळा येतो. नायकाचे प्रिय माणूस कोण, तेही खेळच ठरवतो. मी एका दुकानदाराशी येता-जाता चार शब्द बोलत असे. शेवटी ड्रॅगनने माझी प्रियतमा म्हणून त्यालाच धरून आणले! सौ. आठवडाभर हसत होती.

पण सर्वांत मोठा वैताग सोबतच्या प्याद्यांचा. एक प्यादे आपण घडवायचे, दोन परक्यांची घ्यायची. ही मंडळी क्षणभर गप्प बसत नाहीत. लांडगा दिसला की लांडगे कळपाने येतात. गॉब्लिन दिसला की तो आगीला भितो. शंभरदा ऐकवतील. पहिल्या महिन्यात मी आवाज बंद करून खेळलो. पुढे घरात संध्याकाळची फार शांतता वाटू लागली, तेव्हा पुन्हा चालू केला.

ओळखीच्यांची प्यादी फुकट मिळतात. एके दिवशी यादीत धाकट्याचे प्यादे दिसले. प्यादी मालकाच्या सवयी उचलतात म्हणे. हे गृहस्थ ऐन लढाईत मला सोडून रस्त्यावरचे काहीबाही वेचू लागले! शाळेतून येताना याच्या खिशात असेच गोटे, बिया, काचेचे तुकडे असत. सौ. ते धुण्याआधी काढून ठेवी.

फोनवर आमचे बोलणे ‘जेवलात का’, ‘औषध घेतले का’ यापुढे जात नव्हते. त्या प्याद्याला निरोप देताना मी त्याच्याबरोबर थोडा औषधी पाला धाडला. भेट देण्याची सोय खेळातच आहे.

पाच-सहा दिवसांनी नायकाला सराईत झोपवून उठवले, तर माझे प्यादे परगावचा प्रवास करून आलेले. कोणी नेले होते ते लिहिलेले होते. सोबत तसाच पाला. लढाईला तीन तारे, मदतीला चार आणि रूपाला पाचच्या पाच.

त्या प्याद्याचा चेहरा मी त्याच्या आईसारखा घडवला होता. हे मी कोणालाच सांगितले नव्हते.