तिथे आधी कोण राहत होते?

१/ १४ जुलै २०२३. दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघाले, तेव्हा सांगली जिल्ह्यातील आमच्या घरी आजी आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. अग्निबाण ढगांआड दिसेनासा झाला. नियंत्रण कक्षात टाळ्यांचा कडकडाट झाला. आजीने मात्र विचारले, "पोरी, तिथं आधी कोण ऱ्हात हुतं गं?"

२/ इतिहासात एम.ए. करणाऱ्या मला उत्तर ठाऊक नव्हते. आजीला हाच प्रश्न का पडला, ते मात्र ठाऊक होते. तिचे माहेर सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या खोऱ्यात होते. धरण झाले, गाव पाण्याखाली गेले आणि पंधरा-सोळा वर्षांची असताना ती बापाबरोबर सांगलीकडच्या माळावर आली. हा धागा तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी.

३/ प्रथम भूगोल. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तेव्हा विषुववृत्तावरची भूमी सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते. उत्तरेकडे जावे तसा हा वेग घटतो. श्रीहरिकोट्यास तो सुमारे ४५२ मीटर, साताऱ्यास ४४३ मीटर, तर कझाकस्तानातील बैकानूरला जेमतेम ३२३ मीटर. पूर्वेकडे उडणाऱ्या अग्निबाणाला हा वेग फुकट मिळतो. तेवढे इंधन वाचते.

४/ मग साताऱ्याहूनच का नाही? कारण अग्निबाणाचे जळून गेलेले टप्पे खाली पडतात. साताऱ्याच्या पूर्वेला गावे आणि शेते आहेत, श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला समुद्र आहे. म्हणून अक्षांश सोयीचा, पूर्वेला मोकळा समुद्र आणि वस्ती विरळ, अशी जागा शोधावी लागते. 'विरळ' हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटेल.

५/ दुसरा लाभ आपल्या छतावर दिसतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. म्हणून आपल्या डिशचे तोंड कधीही उत्तरेकडे नसते. हवामानाचा इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर ठेवला गेला. हा जवळजवळ साताऱ्याचाच रेखांश. म्हणजे सातारकरांना हा उपग्रह नेमका दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६९ अंश वर.

६/ या प्रदेशाच्या अडचणीही आहेत. मुसळधार पावसाचे थेंब डिशकडे येणाऱ्या लहरी शोषून घेतात आणि ऐन वेळी चित्र थिजते. चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास सूर्यास्तानंतर आयनांबर अस्थिर होते व जीपीएसचे संकेत डळमळतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा वर ढगांचे छत होते. साध्या कॅमेऱ्याचे उपग्रह तिथे आंधळे. ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडार उपग्रहांनीच पुराचा विस्तार दाखवला.

७/ आता इतिहास. आयनांबरात सुमारे १०० ते ११० किलोमीटर उंचीवर, चुंबकीय विषुववृत्ताला धरून दिवसा एक विद्युतप्रवाह वाहतो. बलून तिथवर पोहोचत नाही आणि उपग्रह त्याच्या वरून जातो. अभ्यासाचा मार्ग एकच, लहान अग्निबाण. चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा केरळात सापडली, तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा. विक्रम साराभाईंच्या वतीने जागेच्या या शोधात पुढाकार घेणारे एकनाथ चिटणीस हे कोल्हापुरात जन्मलेले.

८/ थुंबा रिकामे नव्हते. तिथे मच्छीमारांची वस्ती होती, मेरी मॅग्डालिनचे चर्च होते. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर लोकांपुढे विषय मांडला. लोकांनी संमती दिली आणि सुमारे ६०० एकर जागा सोडली. चर्च कचेरी झाले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण, अमेरिकन बनावटीचा नाइके-अपाची, उडाला.

९/ तारखा शेजारी मांडल्या आणि मी थबकले. कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये सुरू झाली. थुंब्याला चुंबकीय विषुववृत्ताचे वरदान, कोयनेला सह्याद्रीच्या कड्याचे: पाणी पश्चिमेला वळवून पोफळीच्या भूमिगत वीजगृहावर सोडायचे. दोन्हीकडे निसर्गाने नेमकी जागा दिली, आणि दोन्हीकडे ती जागा कुणाचे तरी घर होती.

१०/ श्रीहरिकोट्याचे उत्तरही सापडले. तिथे यानादी आदिवासी राहत होते. मासेमारी आणि रानावर त्यांचे पोट. केंद्रासाठी त्यांना बेट सोडावे लागले. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथून पहिला रोहिणी अग्निबाण उडाला. त्या दिवसाची तारीख सहज मिळते. यानादींच्या पाड्यांची नावे शोधताना मात्र वाचनालयात माझे अनेक दिवस गेले. 'विरळ वस्ती' म्हणजे नोंद न झालेली वस्ती, हे तिथे उमगले.

११/ म्हणजे हे सारे नकोच होते का? आजीला तसे वाटत नाही. हवामानाचा अंदाज ऐकल्याशिवाय ती शेंगा वाळत घालत नाही. कोयनेच्या विजेचा दिवा तिच्याही घरात लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत कुलशेखरपट्टणम येथे नव्या प्रक्षेपण केंद्राची पायाभरणी झाली. तिथून श्रीलंकेला वळसा न घालता लहान अग्निबाण थेट दक्षिणेकडे सोडता येतील. लाभ खरा आहे. पण त्याच्या हिशेबात जागा देणाऱ्यांचे नावही हवे.

१२/ आजीला उत्तर सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "त्यास्नी तरी सांगून उठवलं का?" मग पहिल्यांदाच तिने आपल्या गावच्या वाड्या, शेतांची नावे, देवीच्या देवळाची दिशा सांगितली. मी वहीत उतरवून घेतले. पाच पाने झाली.

१३/ सातारा-सांगलीतील वाचकांना विनंती. आपल्या घरी कोयनेच्या खोऱ्यातून आलेले कुणी वडीलधारे असतील, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. जुन्या गावाचे, वाडीचे, शेतांचे नाव विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. ते लोक आज ऐंशीच्या घरात आहेत.