थंडीतली भीमा-कोरेगावची वाट

गेल्या १ जानेवारीला पहाटे चारलाच आम्ही अहिल्यानगरहून दोन मोटारसायकलींवर भीमा-कोरेगावला निघालो. शिरूरच्या पुढे धुक्यात अचानक उसाची ट्रॉली समोर आली. मागे दिवाच नव्हता. बोटे गारठलेली, ब्रेक वेळेवर दाबला गेला नाही. थोडक्यात वाचलो. मग टपरीवर हात शेकले, जर्किनच्या आत छातीवर वर्तमानपत्र घातले, पिशवीतले हातमोजे चढवले आणि उजाडल्यावरच निघालो. हेल्मेटची काच किंचित उघडी ठेवली, की वाफ धरत नाही.

१८१८ च्या लढाईतील महार शूरवीरांच्या विजयस्तंभाला १९२७ साली बाबासाहेबांनी अभिवादन केले. तेथे नतमस्तक होताना वाटले, बंधू-भगिनींनो, तासभर उशीर चालेल; पण घरी सुखरूप पोचलेच पाहिजे. जयभीम!