पाण्याचे पैसे, हवेचे पैसे

२०११ सालच्या ऑक्टोबरात, हॅलोविनच्या दोन दिवस आधी, आमच्या कनेक्टिकटात बर्फ पडला. बर्फ आम्हाला नवा नव्हता, पण झाडांवरची पानं अजून गळायची होती. पानांवर ओला बर्फ साचला, फांद्या कडाकड मोडून तारांवर पडल्या आणि राज्यातल्या आठ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमची आठव्या दिवशी परत आली. तळघरात तेलाची टाकी काठोकाठ भरलेली होती, पण बर्नर पेटायला आणि पंप फिरायला वीज लागते! घरात इंजिनिअरिंगच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या, आणि आम्ही तीन वर्षांच्या लेकीला मधे घेऊन, तिघं एकाच रजईत, टोप्या घालून झोपलेलो.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दिवाणखान्यात लाकडाचा स्टोव्ह बसवून घेतला. आता लाकूड आणायचं. रस्त्याकडेला हाताने रंगवलेली पाटी दिसली, वाळलेलं लाकूड, कॉर्डला १५० डॉलर. दुसरीकडे चौकशी केली होती तर २४० सांगितले होते. म्हणजे सरळ सरळ ९० डॉलरचा फायदा. आम्ही खूश. पिकअपच्या दोन खेपा आल्या, ड्राइव्हवेवर केवढा तरी ढीग पडला, आम्ही रोख पैसे दिले. पावती मागायचं सुचलंही नाही.

ढीग मोठा दिसतो, त्याचं कारण त्यात हवा फार असते, हे आम्हाला रचायला घेतल्यावर कळलं. कॉर्ड म्हणजे नीट रचलेल्या लाकडाचे १२८ घनफूट. ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब. स्टोव्हची लाकडं १६ इंची असतात, त्यामुळे एकेरी थर लावला तर ४ फूट उंचीची रांग २४ फूट लांब व्हायला हवी. आमची १६ फुटांवर संपली. टेप तीनदा लावली, दोघांनी आळीपाळीने लावली, पण लाकूड काही वाढेना. ८५ घनफूट! म्हणजे दोन तृतीयांश कॉर्ड. (नुसत्या टाकलेल्या ढिगाचं माप वेगळं. मेन राज्याच्या कायद्यात १६ इंची लाकडाचा न रचलेला कॉर्ड १८० घनफुटांचा धरतात. हे आधी ठाऊक असतं तर ड्राइव्हवेवरच हिशेब झाला असता.) १५० भागिले ८५ केलं, तर घनफुटाला १ डॉलर ७६ सेंट पडले. २४०वाल्याचा भाव घनफुटाला १ डॉलर ८८. म्हणजे आमचा ९० डॉलरचा फायदा घनफुटामागे १२ सेंटांवर आला.

तोही टिकला नाही. थंडीत स्टोव्ह पेटवला तर लाकडाच्या टोकांतून फेस यायला लागला. सुस् सुस् आवाज, काच काळी, खोलीला ऊब नाही. धुमसत्या आगीला आम्ही हवा कमीजास्त करत बसायचो आणि एकमेकांना दोष द्यायचो. वसंतात चिमणी साफ करायला माणूस आला. त्याने आतून खरवडून काढलेला काळा, काचेसारखा चकचकीत थर हातावर ठेवून दाखवला. क्रिओसोट. ओल्या लाकडाचा धूर थंड चिमणीत गोठतो आणि असा थर धरतो. तो पेटला तर चिमणीत आग. "वर कोण झोपतं?" त्याने विचारलं. वर आमची लेक झोपत होती. आम्ही त्याचे पैसे देऊन टाकले आणि बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबांचं बालपण साताऱ्याकडचं. आम्ही सगळी हकिगत सांगितली तेव्हा वाटलं, ते हसतील. ते म्हणाले, "इथे मापाने देतात होय? आमच्याकडे वखारीत वजनाने. मापाने घेतलंत की हवेचे पैसे जातात, वजनाने घेतलं की पाण्याचे. तुम्ही दोन्ही दिलेत."

मग वखारीच्या गोष्टी निघाल्या. आजी लहानग्या बाबांना घेऊन वैशाखात वर्षाचं जळण भरायला जायची. पाऊस लागल्यावर तोच मण महाग, कारण त्यात पाणी आलं. ती दोन ढलप्या एकमेकींवर आपटायची. टण् वाजलं तर घ्यायचं, थप्प वाजलं तर पुढची वखार. टोकाला चिरा पडल्यात का बघायची, साल नखाने ओढून बघायची. बाभूळ हवी, आंबा नको, आंबा नुसता धुरकटतो. आणि काटा झाल्यावर वखारवाला वर एक ढलपी टाकायचा, ती घेतल्याशिवाय आजी तिथून हलत नसे. आम्हाला आमच्या लहानपणीचा न्हाणीघरातला बंब आठवत होता, पण त्यातल्या ढलप्या कुठून, काय भावाने येतात, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर आम्ही मागवलं. बाहेरून टोचलं तर लाकूड १९ टक्के दाखवायचं. तेच फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचलं तर ३४! जाळायला २० च्या आत हवं. बाबांनी मीटर उलटसुलट करून पाहिलं, शेजारी दोन लाकडं आपटली, म्हणाले, "थप्प. तुझं यंत्र बरोबर आहे."

आता इंजिनिअरी हिशेब सांगायचा तर असा. वाळलेल्या ओकच्या एका कॉर्डमध्ये सुमारे २ कोटी ४० लाख बीटीयू उष्णता असते, पांढऱ्या पाईनमध्ये दीड कोटीच्या आसपास. वजनाला वजन घेतलं तर दोन्ही जवळजवळ सारखेच तापतात. फरक पडतो तो आपण मापाने घेतो म्हणून. स्टोव्हमधून सत्तर टक्के उष्णता घरात आली, तर ओकचा एक कॉर्ड म्हणजे साधारण १४० गॅलन तेल. २०१३ मध्ये तेल गॅलनला ४ डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे ५६० डॉलरचं काम २४० मध्ये. उचलणं, रचणं, राख काढणं आणि कंबर दुखणं त्यात धरलेलं नाही. उलट, ओल्या ओकच्या कॉर्डमध्ये वाळलेल्यापेक्षा सुमारे ६०० लिटर पाणी जास्त असतं. ते आधी उकळायचं, मग आपण तापायचं.

पण भाव जास्त होता की कमी, हा आमचा राग नव्हताच, हे हळूहळू लक्षात आलं. त्या माणसाने "यंदा तोडलेलं, ओलं आहे, दोन उन्हाळे ठेवा" असं सांगून ८५ घनफूट १५० ला दिलं असतं, तर आम्ही कदाचित आनंदाने घेतलं असतं. त्यातलं उरलेलं लाकूड आम्ही पत्र्याखाली ठेवलं, आणि २०१४ च्या हिवाळ्यात ते काय सुरेख जळलं! लाकूड चांगलंच होतं. तो खोटं बोलला आणि आम्ही स्वस्ताला भुललो.

२४०वाल्याकडे आम्ही बाबांना घेऊनच गेलो. म्हातारा माणूस, मोजकं बोलणारा. सवयीने आम्ही विचारलं, दोन कॉर्ड घेतले तर? तो म्हणाला, दोनाचे ४८०. बाबांनी ढिगातली दोन लाकडं उचलून आपटली. त्याने बाबांकडे पाहिलं, आतल्या रांगेतली दोन काढून त्यांच्या हातात दिली. टण्. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आम्ही एक कॉर्ड ठरवला.

लाकूड आलं, रचलं, मोजलं. २३ फूट. एक फूट कमी, पाच घनफूट, फार तर दहा डॉलर. आमच्यात वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं, रचण्यात एवढा फरक पडतोच, भल्या माणसाला फोन करून लाजवायचं नाही. दुसऱ्याचं म्हणणं, मागच्या वेळी गप्प बसलो ना? बाबा म्हणाले, "भला असेल तर त्याला राग येणार नाही." फोन केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. आमची टेप बाजूला ठेवून स्वतःची लावली, रांगेचं टोक आम्ही उभं-आडवं घट्ट रचलं होतं ते पाहून मान हलवली, आणि काही न बोलता ट्रकमधून लाकडं काढून २४ फूट पुरे केले. मग एक जाडजूड ओंडका उचलून मोजमाप न करता वर टाकला आणि निघून गेला.

बाबा ओट्यावर उभे होते. "बघा," ते म्हणाले, "वरचं दिलं."

पुढच्या वर्षी त्याने २० डॉलर वाढवले. आम्ही मुकाट्याने दिले. बाबा त्यानंतर इकडे आले नाहीत, गुडघे दुखतात. पण वैशाख आला की फोनवर विचारतात, लाकूड भरलं का, काय भाव लागला. आम्ही भाव सांगतो. तो त्यांना दरवेळी जास्तच वाटतो. मग विचारतात, "आणि वरचं?"