शुद्ध-अशुद्धाचे ताट

भिवंडीत राहणाऱ्याला अन्नाचे नियम मुद्दाम शिकवावे लागत नाहीत. यंत्रमागांच्या खडखडाटात मोमीन विणकर, कोकणी मुसलमान, आगरी, पद्मशाली, जैन व्यापारी अशी बिऱ्हाडे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. एकाला हलालच चालते, दुसऱ्याला कांदाही वर्ज्य. आपण कॅथलिक मात्र 'सर्व काही खाणारे' म्हणून ओळखले जातो.

म्हणूनच एका नाताळात माझ्या भाच्याने इंद्यालचे ताट बाजूला सारले, तेव्हा आम्ही सारे अवाक् झालो. 'मामा, लेवीयच्या अकराव्या अध्यायात डुकराचे मांस अशुद्ध म्हटले आहे. मग आपण ते का खातो?' त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. आई मात्र दुखावली. इंद्याल म्हणजे तिच्या वसईच्या माहेराची नाताळातली खूण!

प्रश्न खरा होता, म्हणून उत्तरही खरे हवे होते. रवंथ करणारा व दुभंगलेल्या खुराचा पशू शुद्ध. पर व खवले असलेला मासा शुद्ध. हा नियम आपल्या कोकणाने शतकानुशतके पाळलेला पाहिला आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी आपले नाते सांगणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. दावीद राहाबीने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी पर व खवल्यांचे तेवढेच निवडले, त्यावरून त्याला त्यांचे यहूदीपण पटले, असे परंपरा सांगते. मांसासोबत दूध नको म्हणून ते नारळाचे दूध वापरीत. हिंदू शेजाऱ्यांच्या भावना जपण्यासाठी शास्त्राने मुभा दिलेले गोमांसही टाळीत. भिवंडीपासून जवळच, ठाण्यात, १८७९ साली बांधलेले त्यांचे सिनेगॉग आहे. नियमाने या लहानशा समाजाची ओळख टिकवली, हे मी भाच्याला आदराने सांगितले.

पुढे पेत्राचा दृष्टान्त आला. यापो येथे त्याला सर्व प्रकारच्या प्राण्यांनी भरलेली चादर आकाशातून उतरताना दिसली. पण त्यातून पेत्राने काढलेला अर्थ केवळ मांसाविषयीचा नव्हता. कोणत्याही मनुष्याला अशुद्ध म्हणू नये, हे तो कर्नेल्याच्या घरात शिरून शिकला. यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीय श्रद्धावंतांना रक्त आणि गळा दाबून मारलेले प्राणी वर्ज्य करण्यास सांगितले होते. तो निर्बंध यहूदी व परराष्ट्रीय यांना एकत्र आणण्यासाठी होता व ते कारण आता उरले नाही, असे फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ साली स्पष्ट केले. डुकराचे रक्त घालून केलेल्या सोरपोतेलाला धर्माची आडकाठी नाही, ती यामुळेच.

'मग मी चुकलो?' भाच्याने विचारले. नाही. संत पौल खाणाऱ्याला न खाणाऱ्याचा तिरस्कार करू देत नाही, आणि न खाणाऱ्याला खाणाऱ्याचा न्याय करू देत नाही. न खाणे त्याच्या विवेकाचे होते. आजीचे ताट अशुद्ध ठरवणे मात्र त्याच्या अधिकारातले नव्हते.

तोडगा आईच्याच स्वयंपाकघरात निघाला. शेजारच्या मोमीन कुटुंबासाठी नाताळचा गोडाधोडाचा जिन्नस करायला तिने एक पातेले वेगळे ठेवले आहे. त्यात तिने कधी डुकराचे मांस शिजवले नाही. कोणी तसे सांगितले नव्हते. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो, एवढेच तिला पुरेसे होते. भाच्यासाठी कोंबडी त्याच पातेल्यात शिजू लागली.

१९७० आणि १९८४ च्या दंगली सोसलेल्या या गावात असे एक पातेले लहान गोष्ट नाही. ख्रिस्ताने आपल्याला खाण्याचे स्वातंत्र्य दिले. ते दुसऱ्यासाठी आनंदाने आवरते घेता येणे, हाही त्याच स्वातंत्र्याचा भाग आहे. मात्र स्वतःसाठी घेतलेला नियम दुसऱ्याच्या ताटावर लादला, की शास्त्र उरते आणि शेजार तुटतो.