बिनविरोध नको, मतदान हवं! शाळा व्यवस्थापन समिती आणि आपण

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की वस्तीला महिनाभर झोप नसते. पॅनेल, चिन्ह, जेवणावळी, रुसवेफुगवे, सगळं यथासांग होतं. त्याच गावात, त्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत दर दोन वर्षांनी आणखी एक निवड होते. ती केव्हा झाली, कोण निवडून आलं, हे आपल्या वस्तीला कळतसुद्धा नाही. ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीची निवड. जिथे आपली लेकरं रोज सहा तास बसतात, तिथला कारभार आपण न बघता दुसऱ्यांच्या हवाली केला आहे. म्हणून या वेळी आम्ही उभं राहायचं ठरवलं. आम्ही म्हणजे बुद्धविहारात दर रविवारी बसणारे वस्तीतले पालक. आमच्यात शेतमजूर आहेत, एक रिक्षावाला आहे, एक समाजशास्त्रात एम. ए. करून सामाजिक कामात पडलेला आहे, आणि सगळ्यात जास्त आहेत त्या आया.

आधी कायदा बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असले पाहिजेत. एकूण सदस्यांत ५० टक्के महिला हव्यात. आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळालं पाहिजे. प्रमाणात, म्हणजे नावापुरता एक नव्हे. शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा, आलेल्या अनुदानाचा खर्च बरोबर झाला की नाही हे पाहणं, ही कामं समितीची. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. इतका अधिकार कायद्याने आपल्या हातात दिलेला आहे.

प्रत्यक्षात काय होतं? आमच्या शाळेच्या पटावर जवळजवळ निम्मी मुलं आमच्या वस्तीची आणि शेजारच्या मातंग व वडार वस्तीची. जुन्या समितीत या तिन्ही वस्त्यांची मिळून दोन नावं होती. त्यातल्या एका बाईंना आपण सदस्य आहोत हे आम्ही विचारलं तेव्हा कळलं. रजिस्टर घरी यायचं, त्या अंगठा द्यायच्या. पालकसभा भरायची कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळी अकरा वाजता. त्या वेळी मजुरी सोडून कोण येणार? जे यायचे ते आधीच ठरलेली नावं वाचायचे, टाळ्या वाजायच्या आणि कागदावर लिहिलं जायचं, 'सर्वानुमते बिनविरोध.'

हा 'बिनविरोध' शब्द नीट समजून घ्या. एम. एन. श्रीनिवास यांनी गावातल्या प्रभुत्वशाली जातीची कल्पना मांडली. जमीन, संख्या, सत्ता ज्या जातीच्या हाती एकवटते तिचा शब्द गावात चालतो. त्या जातीला दर वेळी दमदाटी करावी लागत नाही. 'गावात एकोपा राहू द्या' एवढं म्हटलं तरी पुरतं. एकोप्याची किंमत मात्र दर वेळी आपणच मोजायची. जिथे विरोध करण्याची सोय नाही तिथल्या बिनविरोधाला आम्ही संमती मानत नाही.

आमच्यासाठी ठिणगी पडली ती खिचडीवरून. शाळेत पोषण आहार शिजवायला मदतनीस हवी होती. वस्तीतल्या एका विधवा ताईंनी अर्ज दिला. त्यांना तोंडी उत्तर मिळालं, 'तुम्ही शिजवलेलं मुलं खातील का, उगाच वाद कशाला?' २० एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्यान्ह भोजनाच्या खटल्यात आदेश दिला आहे की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावं. म्हणजे जिथे कायदा आपल्याला पुढे बसवतो तिथेच आपल्याला दाराबाहेर ठेवलं जात होतं. आणि हा निर्णय घेणाऱ्या बैठकीत आपलं कोणी बोलणारं नव्हतं.

मग आम्ही कामाला लागलो. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला की पालकसभा रविवारी घ्या, आणि प्रती केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिल्या. पोच घेतली. सभा रविवारी ठरली. पंधरा दिवस संध्याकाळी घरोघर फिरलो. मातंग वस्तीत गेलो, वडार वस्तीत गेलो, आणि गावातल्या भूमिहीन मराठा कुटुंबांकडेही गेलो, कारण त्यांच्या मुलांच्या वर्गालाही शिक्षक नव्हता. आम्ही पाच जण उभे राहिलो, त्यात तीन आया.

सभेत नेहमीची यादी वाचली गेली. एक मान्यवर म्हणाले, 'शिक्षणात राजकारण आणू नका.' आमच्या एक वहिनी उठल्या. सातवी शिकलेल्या. म्हणाल्या, 'दादा, यादी घरून लिहून आणली ते राजकारण नव्हं का? आम्ही तर नुसतं मत मागतोय.' मतदान घ्यावं लागलं. पाचातले चार निवडून आले. अध्यक्षपद तीन मतांनी गेलं. ती ताई आज शाळेत खिचडी शिजवते. न्यायालयाच्या आदेशाची प्रत बैठकीत ठेवून इतिवृत्तात नोंद करायला लावली, तेव्हा कुठे ते झालं. सुरुवातीला बरीच मुलं घरून डबा आणायची. आता कमी झाली, पण काही अजून आणतात. चार जागांनी जात गेली असं आम्ही म्हणत नाही. पण आता 'वाद कशाला' हे तोंडी सांगून कोणाला परत पाठवता येत नाही, कारण कागदावर कारण लिहावं लागतं.

आपल्याच काही कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारलं, 'एवढ्या मोठ्या लढाया समोर असताना या चिल्लर समितीत कशाला अडकता?' त्यांनी २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार पुन्हा वाचावा. आपण त्यातल्या राखीव जागांवर तावातावाने बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण त्याच करारात स्थानिक संस्थांत अस्पृश्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावं याचं कलम आहे आणि शिक्षणाच्या अनुदानातून त्यांच्यासाठी पुरेशी रक्कम वेगळी काढण्याचंही कलम आहे. विधिमंडळाची जागा, गावच्या संस्थेतली जागा आणि शाळेचा पैसा हे तिन्ही एकाच कागदावर आले. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसलेल्या, शिपाई नसला तर तहानलेल्या राहिलेल्या विद्यार्थ्याला शाळेचा कारभार कोणाच्या हातात आहे याचा अर्थ कोणी शिकवायची गरज नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. 'आपली शिकलेली माणसं मुलांना इंग्रजी शाळेत घालतात, मग झेडपीच्या शाळेवर बोलायचा हक्क काय?' पालक सदस्य व्हायचं तर मूल त्या शाळेत असावं लागतं, हे खरंच. पण मजुराचं मूल तिथेच आहे. पट कमी झाला की शाळा बंद करण्याच्या, दूरच्या शाळेत मुलं हलवण्याच्या गोष्टी सुरू होतात, आणि आधी गळते ती मुलगी. ज्यांची मुलं तिथे नाहीत त्यांनी उभं राहू नये, पण उभं राहणाऱ्या आईचा अर्ज लिहून द्यावा, तिच्यासोबत सभेला जावं.

तेव्हा तरुणांनो, एवढं करा. आपल्या गावच्या, वॉर्डाच्या सरकारी शाळेत जाऊन समितीची मुदत कधी संपते ते विचारा. सदस्यांची यादी आणि मागची इतिवृत्तं मागा. पटावर आपली मुलं किती आणि समितीत आपले पालक किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. प्रमाण जुळत नसेल तर लेखी तक्रार द्या, कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाला ती ऐकावीच लागते. सभेची वेळ मजुरांना जमेल अशी मागा. आणि कोणी 'बिनविरोध' म्हणालं की हात वर करून म्हणा, मतदान घ्या.

'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आहे. तो जिथे रोज घडतो ती शाळा कोण चालवतं, हे बघायला आपण नाही गेलो तर दुसरं कोण जाणार?

जय भीम!