साठाचा नियम आणि एक इरकल



मला खरेदीचं वेड आहे, हे आधीच सांगून टाकते. मॉलमधल्या महागड्या खरेदीचं नाही. तुळशीबागेत दीडशे रुपयांना घेतलेले कानातले आठवडाभर ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवत फिरणारी मी. डिसेंबरात भीमथडी जत्रा लागली की पहिल्या दिवशी नुसतं बघून यायचं आणि शेवटच्या दिवशी घ्यायचं, म्हणजे भाव जरा उतरतो, ही माझी विद्या. लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्या दुकानात चांगला सुती खण मिळतो हे मला नवऱ्याच्या मोबाइल नंबरापेक्षा जास्त पाठ आहे.

त्यात आपल्या मुलींना खरेदी करताना निम्मं मन तपासणीतच घालवावं लागतं. पर्स आवडली की आधी आत हात घालून चामडं आहे की रेक्झिन ते बघायचं. मी सांगली जिल्ह्यातली. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय मिळालं, त्यात आमचा जिल्हाही आहे, पण मी जन्मात खरी कोल्हापुरी पायात घातलेली नाही. कापडी नाहीतर रबरी तळव्याची 'कोल्हापुरीसारखी' शोधत फिरते आणि मिळाली की दोन जोड घेते. साडीचं तर विचारूच नका. रेशीम नको, कारण कोश उकळत्या पाण्यात टाकतात तेव्हा आत जीव असतो. म्हणून माझ्या आईनं शिकवलेली परीक्षा अजून करते: काठाचे दोन धागे काढायचे आणि जाळायचे. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर सुती किंवा रेयॉन. दुकानदार पहिल्यांदा हसतात, मग काडेपेटी काढून देतात.

रविवारची भटकंती हे दुसरं वेड. सूर्यास्ताआधी जेवण व्हायला हवं म्हणून आमचा ग्रुप माझ्यामुळे पहाटे निघतो. आधी कुरकुरायचे, आता गर्दी लागत नाही म्हणून खूश असतात. सिंहगडावर सगळे कांदाभजी खातात आणि मी पिठलं-भाकरी. पिठलं बिनकांदा-लसणाचं करून देणाऱ्या एक मावशी आहेत, मला ओळखतात. पण तिथलं मडक्यातलं दही! बेसनाबरोबर कच्चं दही म्हणजे द्विदल, ते चालत नाही. त्यामुळे दर वेळी वर पोचल्यावर मला ठरवावं लागतं, आज पिठलं की आज दही. मैत्रिणी पैज लावतात. दही बहुतेक वेळा जिंकतं.

हे सगळं गमतीचं. आता जे सांगणार आहे ते तितकंसं गमतीचं नाही.

मागच्या वर्षी दशलक्षणात आमच्या भागातल्या मंदिरात आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, दहा दिवसांत दहा. सातव्या अध्यायात व्रतं येतात. परिग्रह म्हणजे वस्तू असं उमास्वामींनी म्हटलेलंच नाही, त्यांनी 'मूर्च्छा' हा शब्द वापरलाय, असं माताजी समजावून सांगत होत्या. मग परिग्रहाची मर्यादा कशाकशाची करायची ती यादी आली. शेत, घर, सोनं-चांदी, धन, धान्य, आणि शेवटी 'कुप्य'. कुप्य म्हणजे कापडचोपड. मी शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या कानात म्हटलं, "आई, माझी तुळशीबाग कुप्यात येते." त्यांनी डोळे वटारले.

पण ते डोक्यात बसलं. आठव्या दिवशी संध्याकाळी सगळं कपाट पलंगावर उपसलं. 34 कुर्ते, 21 साड्या, आणि 11 असे की ना धड घरात घालायचे ना बाहेर. एकूण 66. दुसऱ्या दिवशी उत्तम आकिंचन्य. माताजींसमोर हात जोडून वर्षभरासाठी नियम घेतला: साठ. त्यापेक्षा एकही जास्त नाही. नवा आला की जुना जाणार. "मोजलेत का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं तेव्हा त्या हसल्या. नियम मागणाऱ्या सगळ्याच काही मोजून येत नसाव्यात.

पहिले काही महिने मजेत गेले. सहा कपडे त्याच आठवड्यात बाहेर काढले. नंतर एक आला की एक गेला, आणि जे जायचं ते आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींकडे जायचं. मला वाटत होतं मी फार छान पाळतेय. जानेवारीत मावशी म्हणाल्या, "ताई, पुरे झालं आता. माझ्या घरात ठेवायला जागा नाही." म्हणजे माझ्या कपाटाची मर्यादा होती साठ, आणि बाकीचं त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत. मी ओशाळले. पण खरेदी थांबली नाही, फक्त मावशींऐवजी दुसरी माणसं शोधायला लागले.

मग फेब्रुवारीत ती इरकल दिसली.

आई, मी आणि नणंद अशा तिघी लक्ष्मी रस्त्यावर गेलो होतो, ते खरं तर पडद्यांचं कापड बघायला. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर सहसा रेशमी असतो, त्यामुळे आपल्यासाठी चांगली इरकल मिळणं म्हणजे नशीबच. ही अंजिरी रंगाची, लाल टोपपदर, पांढऱ्या दातऱ्यांची नक्षी. धागा जाळून बघितला, कागदाचा वास आला. पदर रेयॉनचा! 1,850 रुपये. आणि माझ्या कपाटात बरोबर साठ. त्या क्षणी त्या साठातली एकही वस्तू मला द्यायची नव्हती.

"ही हिला घेऊ या," मी नणंदेकडे बोट करून म्हटलं.

"मी कुठे साडी नेसते?" ती म्हणाली. कॉलेजला जाणारी मुलगी, जीन्सशिवाय दुसरं काही माहीत नाही.

"नेसशील की. एक असावी."

साडी तिच्या कपाटात गेली. ब्लाउज मी शिवायला टाकला, तोसुद्धा तिच्या कपाटात गेला. माझा हिशेब साधा होता. सप्टेंबरात वर्ष पूर्ण होईल, नियम संपेल, आणि साडी गुपचूप इकडे येईल. तिला आठवणारही नाही. मध्येमध्ये ती घरात नसताना मी तिचं कपाट उघडून पदरावर हात फिरवून यायचे. हे लिहिताना आता लाज वाटतेय, पण तेव्हा मला यात काही खोटं आहे असं वाटलं नाही. साठ तर साठच होते ना?

मार्चमध्ये एका रविवारी आम्ही सगळे माझ्या माहेरी सांगलीला निघालो होतो. वाटेत कुंभोजच्या बाहुबलीचं दर्शन घ्यायचं ठरलं. सकाळी निघताना नणंद खोलीतून बाहेर आली ती इरकल नेसून. ब्लाउज ढगळ होत होता म्हणून दोन्ही बाजूंना पिना लावल्या होत्या.

"वहिनी, बघ. तू घेतलेली."

मी छान म्हटलं. पण छातीत काहीतरी रागासारखं उसळलं. नेसायची पद्धत बघा, निऱ्या बघा, पदर जमिनीला लागतोय! गाडीत ती खिडकीजवळ बसली होती आणि पदर दारात अडकेल म्हणून मी दोनदा मागे वळून बघितलं.

कुंभोजला मी लहानपणापासून जाते. 1963 साली उभी केलेली ती 28 फुटी संगमरवरी मूर्ती, पायांवरून चढलेल्या वेली. माझ्या आजीनं त्या मूर्तीसमोरच मला गोष्ट सांगितली होती. भरताला जिंकूनही बाहुबलींनी राज्य सोडलं, वर्षभर न हलता उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, पायाशी वारुळं झाली, तरी केवलज्ञान होईना. कारण मनात एकच सल अडकला होता, की आपण अजून भरताच्याच जमिनीवर उभे आहोत. दर वेळी तिथं हात जोडले की ती गोष्ट आठवते. त्या दिवशी नाही आठवली. मी डोळे मिटले आणि डोळ्यांसमोर पदर. उघडले तर नणंद खाली बसून नमस्कार करत होती आणि पदर फरशीवरून लोळत होता.

नंतर भोजनशाळेत जेवायला बसलो. वाढणाऱ्यानं आमटी वाढली, तिनं वाटी पुढे ओढली आणि एक थेंब पडला. पदरावर. लाल आणि पांढऱ्याच्या बरोबर मध्ये.

"अगं, अक्कल आहे का तुला!"

मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या पंगतीतल्या बायकांनी वळून पाहिलं. नणंदेचा घास हातातच राहिला. नवरा माझ्याकडे बघत राहिला, त्याला बिचाऱ्याला काही कळेना. आईंनी शांतपणे ग्लासातलं पाणी हातावर घेतलं, डाग चोळला, पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साडी तिची आहे ना गं?"

बस, एवढंच. सांगली येईपर्यंत गाडीत कुणी फारसं बोललं नाही. हळदीचा डाग तो, कसला निघतो! माझ्या आईनं त्या दिवशी साबण लावून, उन्हात घालून पुष्कळ फिका केला, पण राहिलाच.

त्यानंतर मी त्या कपाटाकडे फिरकले नाही. पण कुणाला काही बोललेही नाही.

ऑगस्ट संपता संपता श्वेतांबरांचं पर्युषण सुरू झालं. आमच्या ऑफिसात एक गुजराती मैत्रीण आहे, तिचे आठ दिवस संपतात तेव्हा आमचे दहा सुरू होतात, त्यामुळे त्या महिन्यात डब्याच्या वेळी आमच्या दोघींच्याच गप्पा चालतात. ती व्याख्यान ऐकून आली होती. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात म्हणे परिग्रहाच्या व्रतातून लोक कशा पळवाटा काढतात ते दिलंय. एकाच घराचा नियम असेल तर शेजारचं घर घ्यायचं आणि मधली भिंत पाडायची, झालं एक घर. मर्यादेपेक्षा जास्त माल आला तर मुदत संपेपर्यंत दुसऱ्याच्या घरी ठेवायचा, नंतर आणायचा. "सांग, बाराव्या शतकात!" ती हसत होती. "आपले लोक पहिल्यापासून व्यापारीच!"

मी डब्याचं झाकण लावलं. पुढचं काही खाल्लं गेलं नाही. मला वाटत होतं, ही युक्ती मी शोधून काढली.

यंदाचे दहा दिवस असेच गेले. आकिंचन्याच्या दिवशी माझा नियम पूर्ण झाला. कागदोपत्री. यंदा आमच्या मंदिरात कुणा त्यागींचा चातुर्मास नव्हता, त्यामुळे प्रायश्चित्त मागायचं तर कुणाकडे, हाही प्रश्न होता. आईंना विचारावं असं दोनदा मनात आलं आणि दोनदा मी पोळ्या लाटत राहिले.

क्षमावणीच्या दिवशी आम्ही घरात सगळे एकमेकांची क्षमा मागतो. खरं सांगायचं तर त्याची सवय होऊन गेलेली असते. हात जोडायचे, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणायचं, पुढच्याकडे जायचं. नवऱ्याची मागितली, आईंची मागितली. नणंदेसमोर आले तेव्हा मी "काही चुकलं असेल तर" असं म्हटलं आणि थांबले. असेल तर काय? मग सगळं सांगितलं. दुकानापासून. आई तिथंच वाती वळत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर.

नणंद ऐकत होती. मग हसायलाच लागली.

"वहिनी, ब्लाउज तुझ्या मापाचा होता."

"हो."

"चार पिना लावल्या मी त्या दिवशी. मला काय कळलं नाही होय? आईला पण माहीत होतं. मी म्हटलं, नेसून समोर आले की तू तरी बोलशील. तू भोजनशाळेत ओरडलीस."

मी आईंकडे पाहिलं. त्या वात वळत होत्या. "तिनं मला विचारलं होतं, नेसू का म्हणून," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं नेस."

नणंद आत जाऊन साडी घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "घे तुझी. वर्ष संपलं ना तुझं?"

मी घडी उलगडली. डाग आता पिवळसर, नखाएवढा. माहीत नसेल त्याला दिसणारही नाही. मला लगेच दिसला. हात फिरवला, आणि खोटं कशाला बोलू, अजून तितकीच आवडली.

"तुझीच ठेव," मी म्हटलं. "ब्लाउज मात्र आण इकडे, आत घालून घेऊ तुझ्या मापाचा."

यंदाचा नियम मी आईंसमोर घेतला, पन्नासाचा. त्यांनी आधी कपाट उघडून स्वतः मोजलं. माझं झाल्यावर नणंदेचंही मोजलं. आणि बाहेर गेलेले कपडे मावशींकडे नाही पाठवायचे, त्यांना विचारून, त्यांना हवं असेल तेच, अशी अट त्यांनीच घातली. दहा कपडे काढायचेत, सात निघालेत. उरलेल्या तिनांवर रोज रात्री विचार चालू आहे. एक तर सिंहगडावर घालायचा जुना कुर्ता आहे, तो काही केल्या सुटत नाही.

शनिवारी तुळशीबागेत जाणार आहे. केसांचे क्लिप घ्यायचेत. क्लिप कुप्यात येतात का, हे आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, किती आहेत ते आधी मोजून सांग.