पायपेटीचा षड्ज

पायपेटी दुरुस्तीला आणणारा माणूस बहुधा एकच वाक्य घेऊन येतो, "सूर गेलेत हिचे." सूर सहसा जागेवरच असतात, गेलेली असते ती हवा. पितळेची जिभली माणसाच्या दोन-तीन पिढ्या सहज काढते. त्याआधी भात्याचं कापड विरतं, घड्यांवरचं कातडं चिरतं, झडपांखालचं फेल्ट कसर खाऊन टाकते. त्यात आमचं भुईगाव समुद्राला लागून. सुरूच्या बनातून येणारी खारी हवा पितळ कळंकवते आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की शेजारच्या पट्ट्या एकमेकींना अडतात.

म्हणून आधी भाता. तो भरायचा, एकही पट्टी दाबायची नाही आणि किती वेळ तग धरतो ते बघायचं. लगेच बसला तर हवा कुठून तरी पळते आहे. सांध्यांवरून ओला हात फिरवला की गार झुळूक लागते, तिथे खडूने खूण करायची. पट्टी न दाबता एखादा सूर वाजतच राहिला तर झडप नीट बसत नाही असं समजावं. एक तर तिची स्प्रिंग थकलेली असते, नाहीतर कातड्याखाली कचरा अडकलेला असतो.

कातडं मी सरसाने चिकटवतो. सरस तापवायचा, त्याचा वास सोसायचा, थंड व्हायच्या आत हात उरकायचा, असा सगळा व्याप. पण पुढे कुणाला हे कातडं बदलावंसं वाटलं, तर कोमट पाण्याने सांधा सुटतो. आजचा पांढरा गोंद लाकडाचे पापुद्रे घेऊनच निघतो.

सुरांचं मात्र तसं नाही. जिभली टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. दोन्हीकडून पितळ कमीच होतं आणि गेलेलं पितळ परत लावता येत नाही. त्यामुळे जिभलीखाली पातळ पत्रा सरकवून आधी नुसती साफ करायची. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

खरा वाद पुढे होतो. "काका, कीबोर्डशी जुळवून द्या," असा आग्रह असतो. गायकवृंदाला आता दोन्ही वाद्यं एकत्र हवी असतात. पण पेटी मूळची फ्रान्सची. आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. फ्रान्सने १८५९मध्ये मध्य 'सी'च्या वरच्या 'ए'ला सेकंदाला ४३५ कंपनं ठरवून दिली. ४४० हा आजचा आकडा १९३९च्या लंडन परिषदेतला. तेव्हा जुनी फ्रेंच पेटी फोनवरच्या ट्यूनरला बेसूर वाटते, ती फक्त ह्या पाच कंपनांमुळे. फरक अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाएवढा. पण तो भरून काढायचा तर प्रत्येक जिभली घासावी लागेल, आणि पातळ झालेल्या जिभलीचा आवाजही पातळ होतो.

आपल्या गाण्यात षड्ज गाणाऱ्याचा असतो. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी पांढरी चारमध्ये, आणि कुणी कुणाला बेसूर म्हणत नाही. सा कुठला, यापेक्षा त्या साशी बाकीचे स्वर इमानाने वागतात का, हे आपण ऐकतो. पेटीलाही मी तोच न्याय लावतो. तिचा स्वतःचा षड्ज धरायचा, एकेक अष्टक त्याच्याशी ताडायचं. दोन सूर एकत्र वाजवल्यावर आवाजात थरथर आली, तर त्यांतला जो भरकटला असेल त्यालाच हात लावायचा, बाकीच्यांना नाही.

मग कीबोर्डचं काय? बहुतेक कीबोर्डांत सूर सूक्ष्म प्रमाणात खाली-वर करायची सोय असते. ती शोधून मी कीबोर्डच ४३५वर आणतो. दोन मिनिटांचं काम, काही घासावं लागत नाही आणि हवं तेव्हा परत ४४०वर नेता येतं. ज्याला वाकणं फुकट आहे, त्याने वाकावं.